आसरा आणि अधिकार : तेरेखोलपासून गांधीनगरपर्यंत

गोव्याच्या नकाशात अगदी उत्तरेच्या टोकाला तेरेखोल नावाचे एक चिमुकले गाव आहे. ते पेडणे तालुक्यातले. पण सारा तालुका नदीच्या दक्षिणेला आणि हे एकटे गाव उत्तर काठावर. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल येते. खुष्कीच्या मार्गाने जायचे तर मात्र महाराष्ट्रात शिरून, आरोंदा-रेडीकडून वळसा घालून पुन्हा गोव्यात यावे लागते. एका गावातून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावात जाताना मधे दुसरे राज्य लागावे, ही गंमत सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फारशी नवी वाटणार नाही.

ही गंमत इतिहासाने घडवली. नदीमुखावरचा तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी जिंकला आणि हा काठ पोर्तुगीज अमलाखाली गेला. माणसे जागची हलली नाहीत, सीमा हलली. उलट कित्येकदा सीमा जागेवर राहिली आणि माणसांनाच रातोरात पाणी ओलांडावे लागले. धर्मासाठी, पोटासाठी, राजकीय मतांसाठी अशी नाना कारणांनी ओलांडलेली पाणवाट म्हणजे उत्तर गोव्याचा इतिहास होय.

या लेखात विचार करायचा आहे तो ओलांडून गेलेल्यांचे पुढे काय झाले याचा. परके लोक एखाद्या शहरात आसऱ्याला येतात तेव्हा त्या शहराने त्यांना नेमके काय द्यावे? चार दिवसांचे अन्न आणि डोक्यावर छप्पर कोणताही भला माणूस देतो. पाचव्या दिवशी काय? आमच्या भागातील काही उदाहरणे तपासून पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ दयेवर उभा असलेला आसरा कच्चा असतो. तो पक्का होण्यास तीन गोष्टी लागतात. एक, आलेल्याच्या हाती हक्काचा कागद; दोन, त्यांची स्वतःची अशी एखादी संस्था; आणि तीन, जुन्या रहिवाशांबरोबर एकत्र येण्याची सामाईक जागा. यांतली एक जरी कमी पडली तरी गाडे कुठेतरी अडते.

शब्दांचा नीट अर्थ

आरंभी शब्द निवडून घेतलेले बरे. 'निर्वासित', 'विस्थापित' आणि 'स्थलांतरित' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांत फरक आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशा साधार भीतीने स्वतःच्या देशाबाहेर पडलेला आणि परत जाऊ न शकणारा माणूस. विस्थापित माणूस देशातल्या देशातही असू शकतो; धरणाने, दंग्याने, विमानतळाने उठवलेला. स्थलांतरित हा बहुधा कामधंद्यासाठी निघालेला असतो. निदान कागदोपत्री तो आपल्या इच्छेने निघालेला असतो. दुष्काळाने शेत करपल्यावर उरलेल्या इच्छेला इच्छा म्हणावे काय, हा प्रश्न वेगळा.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी म्हणून वेगळा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. तरीही भारतात निर्वासितांचे लोंढे आले आणि सामावले गेले. तिबेटी आले, श्रीलंकेतील तमिळ आले, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी आले. म्हणजे व्यवहार मोठा आणि नियम तोकडा, अशी आपली स्थिती आहे. नियम तोकडा असला की आसरा देणाऱ्याच्या मर्जीला महत्त्व येते. मर्जी किती दिवस पुरते हे समजण्यास एका जुन्या शहराची हकीकत उपयोगी पडेल.

देव घेऊन निघालेली माणसे

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतील देवळे पाडण्यास सुरुवात केली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसले. मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालू होते. ज्यांना धर्म सोडायचा नव्हता त्यांनी गाव सोडला. जाताना त्यांनी देव बरोबर घेतले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. बारदेशातील सांगोल्ड्याची शांतादुर्गा पेडण्यातल्या धारगळला आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा बांधवले.

पेडणे, डिचोली, फोंडा हे तालुके तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. ते विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होते. म्हणजे हिंदू देव आणि त्यांची कुळे यांना पहिला आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. १५६० याच वर्षी फोंड्यात अली आदिलशहाच्या काळात साफा मशीद उभी राहिली. तिच्यापासून थोड्याच अंतरावर पळून आलेल्या देवांची देवळे वसत होती. इतिहासाचे सोपे सोपे निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही दोन बांधकामे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

काही कुटुंबे त्याहून लांब गेली. कारवार, कुमठा, मंगळूर करीत ती थेट कोचीला पोहोचली. कोचीच्या राजाने त्यांना मट्टनचेरीत जागा दिली. त्याच राजवाड्याला लागून यहुदी लोकांनाही जागा मिळाली होती. त्यांचे परदेशी सिनेगॉग १५६८ मध्ये बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. एका बाजूला युरोपातून व क्रांगनोरहून आलेले यहुदी आणि दुसऱ्या बाजूला गोव्याहून आलेले कोकणी. दोघांनाही हुसकावण्यात पोर्तुगीजांचा हात आणि दोघांचा आश्रयदाता एकच.

कोचीच्या राजाने कोकण्यांना नुसती जमीन दिली नाही. १६२७ मध्ये त्याने त्यांना स्वतःच्या वसाहतीत न्यायनिवाडा करण्याचे अधिकार सनदेने दिले. तिरुमला देवस्वम् हे त्यांचे देवालय केवळ पूजेचे ठिकाण न राहता पंचायत, पेढी आणि शाळा यांचे काम करू लागले. याचे फळ सबंध शहराला मिळाले. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने तयार करविला. त्यासाठी माहिती पुरविणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. गोव्यातून पळालेल्यांच्या नातवंडांनी आसरा देणाऱ्या भूमीला परत दिलेली ही दक्षिणाच म्हणावी लागेल.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोचीच्या गादीवर शक्तन तंपुरान हा राजा होता. त्याचे आणि कोकणी व्यापाऱ्यांचे बिनसले. व्यापाऱ्यांवर हल्ले झाले, देवालय लुटले गेले आणि पुन्हा एकदा देव उचलून, या वेळी त्रावणकोरात, न्यावा लागला. तो कोचीला परत आला १८५३ मध्ये. दोन शतके रुजलेला समाज एका राजाच्या रागाने उखडला गेला. सनद राजाने दिली होती. ती मोडणाराही राजाच. कायद्याचा आधार नसलेला हक्क किती ठिसूळ असतो याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मुंबईतली कूड

आता धर्मासाठी गेलेल्यांकडून पोटासाठी गेलेल्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात गोव्यात कामधंदा उरला नव्हता आणि मुंबई वाढत होती. बारदेश-साष्टीचे ख्रिस्ती तरुण बोटीवरचे खलाशी, आचारी, बटलर, वाजंत्री, शिंपी म्हणून मुंबईस जाऊ लागले. परक्या शहरात उतरायचे कुठे? त्यातून 'कूड' ही संस्था जन्मली. कूड म्हणजे कोकणीत खोली. एका गावच्या माणसांनी मिळून धोबीतलाव-गिरगावच्या बाजूस एखादी मोठी खोली किंवा मजला भाड्याने वा विकत घ्यायचा आणि त्याला आपल्या गावाचे व ग्रामसंताचे नाव द्यायचे. प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा. रात्री त्याच ट्रंकांच्या ओळींमधे पथारी. भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना. वर्गणी अगदी थोडी. बोट सुटेपर्यंत, नोकरी लागेपर्यंत उधारीवर राहू देत. गावचे पत्र कुडीच्या पत्त्यावर येई, आजाऱ्याची शुश्रूषा होई, कोणी वारला तर मूठमाती कुडीतली माणसे देत. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अशा अनेक कुडी होत्या.

महापालिकेने किंवा सरकारने यासाठी काही केले नव्हते. गावाने स्वतःलाच शहरात नेऊन ठेवले. आलेल्याला पहिल्या रात्री काय हवे असते हे कूड ओळखून होती. हवा असतो पत्ता. पत्ता असला की नोकरी मागता येते, उधारी मिळते, घरचे पत्र मिळते.

कुडीला मर्यादाही होत्या. ती एका गावाची, बहुधा एकाच जातीच्या आणि एकाच धर्माच्या पुरुषांची. बायकांना तिथे जागा नसे. गाव शहरात आले ते आपल्या भिंतींसकट. शहरातल्या शेजाऱ्याशी ओळख व्हावी अशी सोय तिच्यात नव्हती.

हिंदू गोमंतकीयांनी वेगळी वाट धरली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा येथून आलेले तरुण गिरगावच्या चाळींत, खाणावळींच्या आधाराने राहत. १९१९ मध्ये मुंबईत 'गोवा हिंदू असोसिएशन' स्थापन झाली. होतकरू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य करणे हे तिचे आरंभीपासूनचे काम. पुढे तिने कलाविभाग उघडला आणि त्याने मराठी रंगभूमीवर 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२), 'नटसम्राट' (१९७०) अशी नाटके आणली. गोव्याहून आलेल्या मंडळींची संस्था म्हणून जी सुरू झाली तिच्या नाटकांना सारा महाराष्ट्र तिकीट काढून बसला. स्वतःची संस्था आणि सामाईक जागा या दोन गोष्टी एकाच छपराखाली कशा येतात, हे इथे दिसते. आपल्यांना आधार देता देता तिने दार रस्त्याच्या बाजूला उघडे ठेवले.

तरी या दोन्ही समाजांना एक उणीव सतत बोचत होती. गोमंतकीय मनुष्य कायद्याने पोर्तुगीज प्रजाजन होता. १९५५ नंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली, ये-जा परवान्यावर आली. मुंबईत राबणाऱ्याला घरी पैसे पाठवणे आणि आईबापांना भेटणे, दोन्ही अवघड झाले. ज्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आवाज उठवला ते तर खरेखुरे राजकीय निर्वासित ठरले. त्यांना आसरा दिला तो मुंबई-पुण्याइतकाच आपल्या बेळगाव-सावंतवाडी भागाने. 'नॅशनल काँग्रेस (गोवा)' ही संघटना १९४६ च्या ऑगस्टमध्ये लोंढ्याला स्थापन झाली. 'स्वातंत्र्याचा आवाज' ही गुप्त नभोवाणी १९५५ पासून आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून बोलत होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालच्या सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. अल्पकाळातच त्यांना अटक झाली. पण ज्या काठावरून माणसे पळत होती त्याच काठावर ती परत येऊन उभी राहिली. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश निघाला आणि गिरगावातल्या पेडणेकराच्या हाती हक्काचा कागद आला.

वळिवडे : एक छावणी, दोन समाज

मुंबईचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर कोल्हापूरकडे पाहावे. शहरापासून जवळच, मिरजेच्या लोहमार्गावर वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने १९४० - ४१ मध्ये या लोकांना सायबेरियात आणि इतरत्र हद्दपार केले होते. १९४१ च्या जुलैमध्ये सोव्हिएत रशिया व लंडनमधील पोलिश सरकार यांचा करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते भारतात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये मुलांसाठी छावणी उघडली होती. वळिवड्याची छावणी त्याहून पुष्कळ मोठी. इथे सुमारे पाच हजार लोक राहिले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले.

लांबच लांब बराकींच्या या गावात पोलिश भाषेच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, स्काउटांची पथके, सर्व काही होते. आसपासचे भाजीवाले आणि गवळी कामापुरते पोलिश शब्द शिकले. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारकडे होता. म्हणजे संस्था होत्या, पैसा होता, शेजाऱ्यांचा लोभही होता. कमी होते ते पुढच्या दिवसाचे ठिकाण. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. पोलंडमध्ये जी सत्ता आली तिच्याकडे परत जाण्याची अनेकांना भीती वाटत होती. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी ब्रिटन, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा, काही पोलंड, असे ते पांगले. कोल्हापुरात आज त्यांची आठवण दफनभूमीत आणि स्मारकाच्या दगडावर आहे. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या स्मरणाचा फलक आहे. या आठवणीत गोडवा आहे. पण तो निरोप दिलेल्या पाहुण्याच्या आठवणीतला गोडवा आहे.

त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. पोलिश लोकांसारख्या सोयी त्यांना नव्हत्या. त्यांना परतीची वाटही नव्हती. एक मोठी गोष्ट मात्र त्यांच्याजवळ होती. संविधानाच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्व दिले होते. १९ जुलै १९४८ पूर्वी जे आले ते ठरावीक अटींवर आपोआप नागरिक झाले आणि त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची तरतूद होती. जो कालपर्यंत सिंधमध्ये जमीनदार किंवा दुकानदार होता तो आज कोल्हापूरच्या बाजारात गाठोडे घेऊन हिंडू लागला. तो दुकान घेऊ शके, कर्ज काढू शके, मत देऊ शके. गांधीनगर आज कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. लग्नाचा बस्ता बांधायला दूरदूरच्या गावचे लोक तिथे जातात. वऱ्हाडाची मंडळी दुकानात मांडी घालून बसली की सिंधी दुकानदार कोल्हापुरी मराठीत भाव सांगतो आणि गिऱ्हाईक त्याच मराठीत घासाघीस करते. सामाईक जागा म्हणतात ती ही. ती व्याख्यानाने तयार होत नाही; देवाणघेवाणीने होते.

सुरुवातीला सारे गोडीगुलाबीचे होते असे समजू नये. जुन्या व्यापाऱ्यांना स्पर्धा नको होती. 'निर्वासित' हा शब्दच अनेक वर्षे हिणवण्यासाठी वापरला गेला. तो शब्द मागे पडण्यास एक पिढी जावी लागली. पण ती पिढी धीर धरू शकली, कारण तिला कोणी उठवू शकत नव्हते.

याच्या शेजारी मुंडगोडचे तिबेटी ठेवून पाहावेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात १९६० च्या दशकात त्यांना जमीन दिली गेली. त्यांनी शेती केली, मठ बांधले, शाळा काढल्या. हिवाळ्यात आपल्या शहरांतून स्वेटर विकणारे तिबेटी आपल्या ओळखीचे आहेत. मात्र जमीन त्यांच्या मालकीची नाही आणि पुष्कळांच्या हाती नागरिकत्वाऐवजी नोंदणीचे पत्रच आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला मनुष्य कायद्याने जन्मतः नागरिक ठरतो. या तिबेट्यांनाही तो हक्क लागू आहे हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. आपल्या देशाचे स्वप्न जपण्यासाठी नागरिकत्व न घेणारेही त्यांच्यात आहेत. निवड त्यांची असावी हे योग्यच; पण निवडीला कागदाचा आधार असणे आणि नसणे यांत फार अंतर पडते.

आता पेडण्याची पाळी

इथवर आपण पाहिले ते गोव्यातून बाहेर गेलेल्यांचे किंवा आपल्याकडे आलेल्यांचे वृत्त. आता प्रवाह फिरला आहे. ज्या पेडण्यातून तरुण ट्रंक घेऊन मुंबईला जात त्याच पेडण्यात आज बाहेरून लोक येतात. मोपाच्या पठारावरचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरमध्ये उद्घाटित झाला आणि २०२३ च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली. तो बांधणारे हात बहुतांशी परप्रांतांतले होते. त्यासाठी पठारावरच्या काही धनगर कुटुंबांना आपली जागा सोडावी लागली; म्हणजे एकाच पठारावर विस्थापित आणि स्थलांतरित दोघेही आले. डिचोलीच्या खाणींवर, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, मासेमारीच्या ट्रॉलरांवर आणि इमारतींच्या परांच्यांवर कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार येथील मजूर काम करतात. किनाऱ्यावर मणी-माळा विकणाऱ्या लमाणी बायका विजापूर-गदगकडून आलेल्या असतात.

त्यांना गोव्यात 'घाटी' किंवा 'भायले' म्हणतात. भायले म्हणजे बाहेरचे. शब्द साधे आहेत, पण बोलण्याचा सूर साधा नसतो. २००४ साली वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडण्यात आली, तेव्हा कित्येक कन्नड आणि तेलुगू कुटुंबे उघड्यावर पडली. २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर परत जाण्यासाठी रांगा लावून उभे होते. त्यांच्याजवळ कूड नव्हती, गोवा हिंदू असोसिएशन नव्हती, गांधीनगर नव्हते.

स्थानिकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. छोटे राज्य, थोडी जमीन, घरांचे चढते भाव, पाण्याची ओढ. आपली भाषा आपल्याच बाजारात ऐकू येईनाशी होईल ही भीती. ही भीती खोटी नाही आणि तिची टवाळी करून ती जात नाही. परंतु जमिनीचे भाव चढवणारा आणि परांचीवर चढणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढणे सोपे, कारण दुसरा हाताशी असतो.

आपण काय करू शकतो ?

हे सर्व वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, कायदे करणे आपल्या हाती नाही, मग आपण काय करणार? करण्यासारखे पुष्कळ आहे; आणि ते वर सांगितलेल्या तीन गोष्टींतच आहे.

पहिली गोष्ट कागदाची. परगावच्या मजुराचे निम्मे हाल अर्ज भरता न आल्यामुळे होतात. रेशनकार्डावरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही उचलता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. वयाला योग्य अशा वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी वेगळे शिकवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. ही दोन वाक्ये मराठीत आणि कन्नडात समजावून सांगू शकणारा विद्यार्थी एखाद्या बांधकामावर तासभर जाऊन बसला तरी काही मुले शाळेत जातील. दोन्ही भाषा येणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात जितके आहेत तितके पणजीत किंवा पुण्यातही सहज मिळणार नाहीत. ज्या दोन भाषांवरून आपल्याकडे वाद होतात त्याच दोन भाषा इथे भांडवल म्हणून उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट संस्थेची. आलेल्यांनी आपापले मंडळ काढले, आपली जत्रा भरवली, आपल्या भाषेचा वर्ग सुरू केला की 'हे वेगळे राहतात' अशी कुरकूर ऐकू येते. मट्टनचेरीचे देवस्वम्, धोबीतलावची कूड आणि गोवा हिंदू असोसिएशन ही सारी आपल्याच लोकांची 'वेगळी' मंडळे होती हे अशा वेळी आठवावे. स्वतःच्या पायाखाली थोडी ओळखीची जमीन असली म्हणजे माणूस परक्याकडे हात पुढे करतो. ती नसली की तो अंग चोरून बसतो.

तिसरी गोष्ट सामाईक जागेची, आणि हीच सर्वांत अवघड. कूड इथेच थांबली होती. शाळेचा वर्ग, दवाखान्याची रांग, क्रिकेटचे मैदान, भजनाचा फड, बाजार, अशा ठिकाणी दोघे समान म्हणून भेटले पाहिजेत. उपकार करणारा आणि उपकार घेणारा अशी भेट झाली तर तिच्यातून स्नेह निर्माण होत नाही. फक्त आभार निर्माण होतात. आणि आभाराला पुढे ओझ्याचा वास येतो.

हे अंक हाती घेणाऱ्या वाचकाला आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. या नियतकालिकात मराठी विभाग संपला की कन्नड विभाग सुरू होतो. आपल्यापैकी बरेच जण आपला विभाग वाचून अंक मिटतात. शेजारच्या बाकावरच्या मित्राकडून पलीकडच्या विभागातला एखादा लेख समजावून घेण्यास कोणाचा परवाना लागत नाही. फेरीबोटीचे भाडेही पडत नाही. परक्याला शहरात सामावून घेण्याची तालीम इतक्या स्वस्तात इतर कुठे मिळणार?